बाईंच्या व्याख्यानातली खोटी रेघ

अमेरिकेत मला पहिली नोकरी मिळाली ती बाटल्या धुण्याची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवलेली, कॉलेजात दोन वर्षं मुलांना प्रॅक्टिकल शिकवलेली मी, आणि शिकागोला येऊन काय, तर काचसामान घासायचं! लग्न करून आले तेव्हा नवरा शॉमबर्गमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मुलगी झाली, ती नर्सरीत जायला लागली, आणि मी रिकाम्या घरात भिंतींशी भांडायला लागले. तेवढ्यात विद्यापीठाच्या जाहिरातीत ही जागा दिसली. नवरा म्हणाला, "अगं, घरी भांडी घासतेसच की. तिथे निदान कुणी थँक्यू म्हणेल." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज टाकला.

प्रयोगशाळा एका जपानी बाईंची होती. पंचावन्नच्या आसपासच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या आणि खिशाला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. अमेरिकन मुलं त्यांना सरळ पहिल्या नावानं हाक मारत. माझ्या तोंडून ते कधीच निघालं नाही. समोर मी 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मनात 'बाई', शाळेत म्हणत असू तसं. आजही त्यांची आठवण येते ती 'बाई' म्हणूनच.

पहिल्या दिवशी बाईंनी स्वतः एक बाटली धुऊन दाखवली. ब्रश कसा फिरवायचा, नळाच्या पाण्यानं किती वेळा खळबळायची, मग शुद्ध पाण्यानं किती वेळा, शेवटी उजेडासमोर धरून कशी बघायची. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या अकरा बाटल्या परत पाठवल्या. एकही शब्द न बोलता, नुसत्या सिंकशेजारी आणून ठेवल्या. मी तशी तोंडाची फटकळ आणि नाकावर राग असलेली. बसस्टॉपवर उभी राहून मी मराठीत त्यांचा मनसोक्त उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मात्र एकेक बाटली उजेडासमोर धरून बघितली, आणि मग एकही परत आली नाही.

चारेक महिन्यांनी बाईंनी विचारलं, "तू शिकलीस काय?" मी सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खिशात टाकली. मग म्हणाल्या, "मला आधीच विचारायला हवं होतं. चुकलं माझं." दुसऱ्या दिवसापासून बाटल्यांना दुसरं माणूस आलं आणि मला जेल चालवायचं काम मिळालं.

जेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. चायना ग्रासची वडी आपण सगळ्यांनीच खाल्लेली असते. जवळजवळ त्याच पदार्थाची पारदर्शक, लिबलिबीत लादी थापायची. तिच्या एका कडेला ओळीनं खळगे पाडायचे, प्रत्येक खळग्यात वेगवेगळ्या पेशींतल्या डीएनएचा एकेक थेंब सोडायचा आणि लादीतून वीज सोडायची. डीएनएचे लहान तुकडे लवकर पुढे सरकतात, मोठे मागे रेंगाळतात. मग लादी एका विशिष्ट रंगात भिजवायची आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याच्या पेटीवर ठेवायची. पेटीच्या काचेतून खालून प्रकाश येतो आणि जिथे जिथे डीएनए असेल तिथे नारिंगी रेघ चमकते. डोळ्यांना अंधूक दिसणारी रेघही फोटोत स्वच्छ उमटते, म्हणून कॅमेऱ्याचं भिंग मिनिटभर उघडं ठेवून कृष्णधवल फोटो काढायचा. हव्या त्या रेघेचा तुकडा कापून घ्यायचा तर पेटीवरच ब्लेडनं कापायचा. त्यामुळे पेटीच्या काचेवर ब्लेडचे चरे पडलेले होते, आपल्या विळीखालच्या पाटावर असतात तसे.

चायना ग्रासचं ऐकून बाईंना आनंद झाला होता. त्यांच्याकडेही त्याची गोड वडी करतात. जेवणाच्या खोलीत सगळी मंडळी सँडविच खायची आणि आम्ही दोघीच भात. मी पहिले काही दिवस अवघडून चमच्यानं खात होते. एकदा बाई म्हणाल्या, "घरी कसा खातेस?" मी हात दाखवला. "मग इथे का नाही?" त्यानंतर मी कधी चमचा नेला नाही.

बाईंची हकिगत मला एका उंच विद्यार्थ्यानं सांगितली. तो पीएच.डी. करत होता आणि त्याला बोलायला फार आवडायचं. बाई साठच्या दशकात दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकेत आल्या होत्या. कापला गेलेला डीएनए पेशी स्वतःच कसा सांधते, त्यातली एक महत्त्वाची पायरी त्यांनी शोधून काढली. पण प्रयोगशाळा दुसऱ्याची होती. लेखावर बाईंचं नाव इतर नावांच्या मधोमध कुठेतरी, आणि देशोदेशी जाऊन व्याख्यानं दिली ती प्रमुखांनी. स्वतःची प्रयोगशाळा मिळायला बाईंना पन्नाशी गाठावी लागली. हे ऐकून त्यांच्या वतीनं माझाच जळफळाट झाला. मी एकदा न राहवून त्यांना विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "आला. पण त्या वेळी प्रयोग चालू होता."

बाईंची एक पद्धत होती. दर सप्टेंबरात एका दुपारी त्या सगळ्यांना ऑटोक्लेव्हपाशी बोलावत. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमच्याकडचा भलामोठा प्रेशर कुकर. काम झालेले जंतू त्यात वाफेवर मारायचे आणि मगच फेकायचे. त्याच्यासमोर आम्ही सगळ्यांनी एक मिनिट मान खाली घालून उभं राहायचं. वर्षभरात आपल्या कामासाठी जे जीव मेले, त्यांच्यासाठी. जपानात प्रयोगशाळांमध्ये उंदरांसाठी, सशांसाठी असं करतात. बाईंनी ते जंतूंपर्यंत आणलं होतं. उंच विद्यार्थी त्या मिनिटात पाच वेळा पाय बदलायचा. मला पहिल्या वर्षी हसू फुटलं होतं. तिसऱ्या वर्षी माझी मान आपोआप खाली गेली.

त्याच तिसऱ्या वर्षी, त्यानंतर महिनाभरात खंडेनवमी आली. माझे वडील फिटर होते. खंडेनवमीला पाने, हातोडे, पक्कड सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि हात जोडून म्हणायचे, "वर्षभर हाताला लागला नाहीत, उपकार आहेत." अमेरिकेत आल्यापासून मी काही केलं नव्हतं. त्या वर्षी वाटलं, बाई जंतूंचे आभार मानतात, मग मी यंत्रांचे मानले तर बिघडलं कुठे? कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत चिमूटभर हळद घेतली. कुंकू मुद्दामच नेलं नाही, लाल रंग कुणाच्या तरी डोळ्यांवर आला असता. सकाळी आठला, कुणी यायच्या आत, बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि सेंट्रिफ्यूज, तराजू, वीजपुरवठ्याचा डबा, सगळ्यांना एकेक बोट लावलं. शेवटी दिव्याची पेटी. पेटीला कुठे लावावं कळेना, म्हणून काचेवरच लावलं. हात जोडले. पाच मिनिटांनी सगळं पुसून टाकलं.

पुसलं ते साध्या पाण्यानं. आमच्याकडे प्रत्येक वस्तू स्पिरिटनं पुसायचा नियम होता, स्पिरिटची बाटली हाताशी होती. पण नुकती पूजा केलेल्या वस्तूला स्पिरिट लावायला माझं मन धजेना. माझ्या वडिलांना दारूचा वाससुद्धा चालत नसे. आता लिहिताना मलाच हसू येतं, पण तेव्हा हसू आलं नव्हतं.

त्याच सुमाराला बातमी आली, की विद्यापीठानं आपला सर्वात मोठा सन्मान बाईंना दिला आहे. नोव्हेंबरात समारंभ, बाईंचं जाहीर व्याख्यान, जपानी वर्तमानपत्रांचे वार्ताहर येणार. आम्ही केक आणला. बाईंनी केकचा एवढासा तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "आता व्याख्यान लिहावं लागेल," जणू काही कुणी त्यांना शिक्षाच सुनावली होती.

माझंही एक घोडं पुढे सरकत होतं. मी पीएच.डी.ला अर्ज करणार होते. तेहतीस वर्षांची होते, आणि यंदा नाही तर कधीच नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. नागपूरच्या सरांची पत्रं होती, पण त्यांना इथे कोण ओळखणार? सगळी भिस्त बाईंच्या शिफारसपत्रावर. "लिहीन," बाईंनी म्हटलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पत्र जायला हवं होतं.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी ती रेघ आली.

बाई कित्येक वर्षं म्हणत होत्या, की डीएनए सांधला जाताना मध्येच एक छोटासा तुकडा तयार होत असला पाहिजे. हिशेब तसं सांगत होता, पण तो तुकडा कधी कुणाला दिसला नव्हता. माझ्या जेलच्या फोटोत, चौथ्या खळग्याच्या खाली, जिथे असायला हवी बरोबर तिथे एक बारीक, सरळ रेघ उमटली. मी फोटो बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा काढला, फोटो नाकापाशी नेला, चष्मा परत घातला. "पुन्हा कर," म्हणाल्या. मी पुन्हा केला. रेघ होती. तिसऱ्यांदा केला. होती, थोडी पुसट, पण होती. मला वाटलं, माझाच हात कुठेतरी कमी पडतोय.

पक्की खातरजमा करायला आणखी दोन महिने लागले असते. पण बाईंनी ठरवलं, व्याख्यानाच्या अगदी शेवटी ती स्लाइड दाखवायची. 'अजून खात्री नाही, पण बघा' एवढंच म्हणायचं. बाईंसारख्या बाटली उजेडासमोर धरून बघणाऱ्या बाईनं हे ठरवावं, याचं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी हवेत होते. नवऱ्याला म्हटलं, "माझी रेघ स्टेजवर जाणार!" तो म्हणाला, "यार, आता तू आमच्याशी बोलशील की नाही?"

व्याख्यान शुक्रवारी होतं. मंगळवारी सकाळी मी आणखी एक जेल केलं, एक छानसा फोटो मिळावा म्हणून. पेटीवर ठेवताना लादी निसटायला लागली, मी घाईत ती सावरली आणि उलटी ठेवली गेली. उजवी बाजू डावीकडे. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. फोटो काढला आणि बघते, तर बाकीच्या सगळ्या रेघांचा क्रम उलटा, आणि ती रेघ मात्र चौथ्या खळग्याखाली नव्हती. ती शेवटून चौथ्या खळग्याखाली होती, आणि त्या खळग्यात मी काहीच घातलेलं नव्हतं.

रिकाम्या खळग्यातून डीएनए येईल कुठून? मी जेल उचलून बाजूला ठेवलं, खोलीतला दिवा बंद केला आणि पेटी नुसतीच लावली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा काचेवर, ब्लेडच्या एका जुन्या चऱ्यात, एक बारीक रेघ चमकत होती. डीएनएसारखी नारिंगी नाही, पोपटी पिवळी. आणि तिच्या भोवती अगदी पुसट, माझ्या बोटाच्या पेराएवढा ठसा.

हळद पाण्यानं निघत नाही, हे मला, फोडणी करणाऱ्या बाईला, कळायला नको होतं? वरवरची पुसली गेली होती, चऱ्यात बसलेली तशीच राहिली होती. आणि मी इतकी नीटनेटकी, की रोज लादी काचेच्या डाव्या कोपऱ्याला टेकवूनच ठेवायची, खळगेही रोज त्याच क्रमानं भरायची. म्हणून रेघ रोज चौथ्याखालीच. माझ्या टापटिपीनंच घात केला होता.

मी तिथल्या स्टुलावर बसले. हातात स्पिरिटचा बोळा केव्हा घेतला ते आठवत नाही. एकदा फिरवला असता की संपलं असतं. एवढंच नाही, न पुसताही संपलंच असतं. रेघ दर खेपेला पुसट का होत होती, तेही त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. हळदीचा डाग पडलेलं कापड आपण उन्हात टाकतो आणि डाग उडतो. पेटीतला दिवा म्हणजे ऊनच, तो रोज थोडीथोडी हळद उडवत होता. आणखी आठवड्यानं काहीच उरलं नसतं. बाई म्हणाल्या असत्या, "पुन्हा नाही मिळालं, असं होतं कधीकधी." माझ्यावर कुणाचा संशय गेला नसता. पत्र मिळालं असतं.

मी खाली जाऊन नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पुसून टाक ना, फिनिश! कोण चेक करणार आहे? आणि सांगितलंस तर लेटर कॅन्सल, हे डोक्यात ठेव."

"आणि बाई शुक्रवारी खोटी रेघ दाखवतील, त्याचं काय?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग मला कशाला फोन केलास? तुझं ठरलंय." खरं होतं ते. मी फोन ठेवला आणि वर गेले.

बाई आपल्या खोलीत व्याख्यान घड्याळ लावून वाचत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "प्रोफेसर, ती रेघ खोटी आहे. माझ्यामुळे झाली." आणि मग जी सुरू झाले ती थांबलेच नाही. खंडेनवमी, वडिलांचे हातोडे, रोलची डबी, पाण्यानं पुसणं, सगळं. काय अवस्थेतलं इंग्रजी होतं ते, देव जाणे. बाईंनी मध्येच घड्याळ बंद केलं. मी बोलून थांबले तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "दाखव."

अंधाऱ्या खोलीत बाई पेटीवर वाकून किती तरी वेळ बघत राहिल्या. "रेघ पुसट का होत गेली?" त्यांनी विचारलं. मी कापडाचं, उन्हाचं सांगितलं. आणि बाई हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना आवाज करून हसताना ऐकलं. "म्हणजे दिवा स्वतःच पुरावा पुसत होता!" त्या म्हणाल्या.

मग हसणं थांबलं. दिवा लावून त्या माझ्याकडे वळल्या. "जेल उलटं ठेवून बघ, असं मी तुला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाची रेघ असती तर पहिलं तेच सांगितलं असतं. पण ही मला हवी होती, फार वर्षांपासून." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, पण त्या क्षणी त्या मला एकदम म्हाताऱ्या वाटल्या. त्यांची इतक्या वर्षांची आशा मी एका बोटानं उभी केली होती आणि त्याच बोटानं पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू पुसली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"पुसणार होते," मी म्हटलं. "बोळा हातात घेतला होता."

त्यांनी मान हलवली. मला रिकाम्या पेटीचा फोटो काढायला लावला आणि सगळं वहीत लिहायला लावलं, हळदीसकट, तारीख घालून, खाली सही करून. मी लिहीत असताना दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी यंत्रांचे आभार मानायचे असतील तर मला बोलाव. दोघी मिळून मानू." आणि निघून गेल्या. पत्राबद्दल अवाक्षर नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. मुलीला सांभाळायला कुणी मिळालं नाही, म्हणून तिलाही आणलं होतं. बाई त्यांच्या निळ्या सुटात होत्या, पायांत रोजचेच बूट. विद्यापीठाच्या मोठ्या लोकांनी लांबलचक स्तुती केली. पहिल्या रांगेत ते जुने प्रमुखही येऊन बसले होते, आता काठी घेऊन चालणारे. बाई स्टेजवर जाण्याआधी त्यांच्यासमोर थांबल्या आणि कमरेतून वाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मुलीनं मोठ्यांदा विचारलं, "आई, इज शी द बॉस?" आणि पुढच्या रांगेतली दोघंतिघं वळून हसली. मी म्हटलं, "हो, तीच."

बाईंनी त्यांचं जुनं काम सांगितलं, सावकाश, सोप्या शब्दांत. शेवटी ती स्लाइड आली. ती काढून टाकतील असंच मला वाटत होतं. "ही रेघ बघा," बाई म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत मला वाटत होतं, की आज तुम्हाला ही मोठ्या अभिमानानं दाखवावी." मग दुसरी स्लाइड, रिकाम्या पेटीची, त्यावर तीच रेघ. "ही डीएनए नाही. काचेवरचा डाग आहे. मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं, तीन वेळा बघितलं. माझ्या सहकारी बाईंनी तो डाग ओळखला. त्या इथे बसल्या आहेत." सगळं सभागृह हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उंच विद्यार्थ्यानं मला कोपरानं ढोसलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

मला टाळ्या टोचत होत्या. डाग ओळखला हे खरं, पण पाडला कुणी? ते बाईंनी सांगितलंच नव्हतं. खाण्यापिण्याच्या गर्दीत मी वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. सन्मानाच्या दिवशी माणसाला काय बोलावं, याचंही भान मला राहिलं नाही. "तुम्ही अर्धंच सांगितलंत," मी म्हटलं.

"माझ्या वाट्याचं सांगितलं," बाई म्हणाल्या. "उरलेलं तुझं आहे. ते तुला न विचारता कसं सांगू?" तेवढ्यात एक वार्ताहर आला आणि त्यांना फोटोसाठी घेऊन गेला.

दहा दिवस गेले. बाई रोजच्यासारख्या बोलत होत्या, जेवत होत्या, कामं सांगत होत्या. मी अर्जाचे बाकीचे कागद भरून ठेवले. नवऱ्यानं एकदा विचारलं, "लेटरचं काय झालं?" मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्यानं पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबर लागला त्या सकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं एक पान होतं आणि शेजारी उघडं पाकीट. "हे पत्र तुला दाखवायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पण यात तुझी गोष्ट आहे. वाच. नको म्हणालीस तर मी ती काढून टाकीन. मात्र मग मला दुसरं विशेष काही लिहिण्यासारखं राहत नाही. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, तसं तर सगळेच लिहितात."

मी वाचायला लागले. पहिलंच वाक्य होतं: 'या उमेदवारानं या वर्षी माझ्या प्रयोगशाळेतला एक महत्त्वाचा प्रयोग बिघडवला.' पान टेबलावर ठेवून निघून जावं असं वाटलं. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी पुढे वाचलं. पेटी, काच, चरा, हळद, सगळं तीन ओळींत होतं. कुठे थट्टा नाही, कुठे सारवासारव नाही. आणि शेवटी असं होतं:

'चूक तिची होती. ती तिनं स्वतः शोधली. कुणालाही कधीच कळली नसती, हे समजल्यावरही तिनं ती त्याच दिवशी, दुपारच्या आत मला सांगितली. चूक करणारी माणसं मला आयुष्यभर भेटली, आणि चूक शोधणारीही भेटली. तिसरी गोष्ट करणारी फार थोडी भेटली. मी स्वतःही नेहमी केली आहे असं म्हणू शकत नाही. तिला प्रवेश द्यावा. न दिलात तर ती माझ्याकडेच राहील, आणि मला त्याचा आनंदच होईल.'

मला रडू आलं. नुसतं डोळे भरून नाही, चांगलं हुंदके देऊन. माझ्याबद्दल त्यानंतर पुष्कळांनी पुष्कळ चांगलं लिहिलं, नोकऱ्या मिळाल्या, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण माझी चूक पहिल्या ओळीत लिहून मला कुणी वर उचललं नाही, त्या एका बाईंशिवाय. त्यांचे उपकार मला फेडता येणार नाहीत, आणि फेडावेत असंही मला वाटत नाही. ते माझ्याकडे असलेले मला आवडतात.

बाईंनी ड्रॉवरमधून टिश्यूचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल कागदावर घासून टोक तपासलं.

"काढू का ते?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तसंच पाठवा."